वस्तादांकडचे आठ गुरुवार

आधी हिशोब सांगतो. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या वस्तादांकडे मी आठ गुरुवार मालिश करून घेतली. आठही वेळा आधीची आणि नंतरची साखर वहीत लिहिली. माझं इन्सुलिन त्यामुळे एका युनिटनंही कमी झालेलं नाही. मालिशीनं मधुमेह जातो या आशेनं कुणी हे वाचत असेल, तर त्याला उत्तर इथेच मिळालं. मी मात्र नववा गुरुवार ठरवून ठेवला आहे. तो का, हे नीट सांगावं म्हणून हे लिहितोय, कारण टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतच नाही तो मधुमेह, असताना मालिश करून घ्यावी का, घेतली तर काय जपावं, यावर मराठीत मला कामाचं काही सापडलं नव्हतं.

मी एकेचाळीस वर्षांचा. नववीत असताना महिन्याभरात अंगावरचे कपडे सैल झाले, रात्री उशाशी पाण्याचा तांब्या लागायला लागला, आणि एका पहाटे उलट्या करतच दवाखान्यात दाखल झालो. तेव्हापासून रोज चार सुया. सत्तावीस वर्षं झाली. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. महिनाअखेर आली की कास्टिंग तयार नसतं, गाडी दारात उभी असते आणि पुण्याहून फोन सुरू असतात. हे दर महिन्याला.

गेल्या ऑक्टोबरात गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट होतं. सकाळी उपाशीपोटी १२८ होती. नाश्त्याला वेळ मिळाला नाही, बिनसाखरेचा एक चहा झाला फक्त. अकरा वाजता दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर २४७ दाखवत होता. पोटात अन्नाचा कण नाही आणि साखर दुप्पट. घरच्यांना हे पटत नाही, ‘काहीतरी खाल्लं असशील’ म्हणतात. पण ताण आला की शरीर ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. पळायला किंवा लढायला बळ हवं म्हणून ही सोय. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड लगेच इन्सुलिन सोडून हिशोब जुळवतं. माझ्याकडे ते काम बघणाऱ्या पेशी शरीरानंच मारून टाकल्यात. त्यामुळे ऑडिटरसमोर उभा राहिलो तरी मला सुई लागते. किती लागेल, ते मात्र कुठल्याच तक्त्यात नसतं. काहींची साखर अशा वेळी उलट खालीही येते.

त्याच महिन्यात मान आखडली. डावीकडे वळवली की खांद्यापर्यंत कळ जायची. मधुमेह जुना झाला की खांदा धरण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, म्हणून मी घाबरून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. हात पूर्ण वर जात होता, पाठीमागेही जात होता. खांदा मोकळा होता, दुखणं स्नायूंचं होतं. त्यांनी मला वीस प्रश्नांचा एक फॉर्मही भरायला दिला. मधुमेहाचं ओझं मनावर किती आहे, हे मोजायचा. बॉस्टनच्या जोसलिन सेंटरमध्ये नव्वदच्या दशकात तयार झालेला तो फॉर्म जगभर वापरतात. ‘हायपोची, म्हणजे साखर फार खाली जाण्याची, भीती वाटते का’, ‘रोजच्या या कामानं थकून गेलात का’, असले प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि बेरजेला सव्वानं गुणायचं. शंभरपैकी चाळीसच्या वर गेलं तर डॉक्टर गांभीर्यानं घेतात. माझे ५१.२५ आले. सत्तावीस वर्षांत हे प्रश्न मला कुणी विचारलेच नव्हते. फॉर्म भरताना दोनदा पेन खाली ठेवावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, मालिश करून बघायला हरकत नाही. पायाला जखम नाही, डोळ्याचा पडदा ठीक आहे, रक्तदाब ताब्यात आहे. पायाच्या तळव्याची जाणीव बघायला त्यांनी दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा केस टोचून बघितला, सगळीकडे कळलं. हे सगळं आधी तपासून घेणं गरजेचं आहे. ज्याच्या तळव्याची जाणीव गेलीय, त्याला शेक जास्त गरम झाल्याचं कळत नाही आणि फोड येऊन जातो. डोळ्याच्या आत नुकता रक्तस्राव झाला असेल, तर डोकं खाली घालून पालथं पडण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

वस्तादांकडे जाण्याआधी मी एकदा फसलो होतो, तेही सांगतो. एका चकचकीत केंद्रात गेलो होतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत मधुमेहावर खात्री लिहिलेली. दुपारी जेवण करून, त्याआधी मांडीत आठ युनिट घेऊन गेलो. त्यांनी पाऊण तास तेल चोळलं, मांड्यांसकट, आणि मग लाकडी पेटीत बसवून वाफ दिली. डोकं तेवढं बाहेर. मोबाइल लॉकरमध्ये ठेवायला लावला होता. दहाएक मिनिटांनी घाम फुटला, अंग सैल पडलं, कानात आवाज यायला लागले. मला वाटलं वाफेनं होतंय. तिथल्या मुलाला वाटलं मला छान आराम मिळतोय. पेटीतून उतरताना गुडघे गेले. बायको बाहेर बसली होती म्हणून बरं, तिनं पर्समधली ग्लुकोजची पावडर तोंडात घातली. नंतर बोटातून बघितली तर ४८. साखर खाली गेली की सेन्सर फोनवर अलार्म वाजवतो. लॉकरमधला फोन किती वेळ ओरडत होता, देव जाणे.

हे का झालं, ते मला नंतर समजलं. ज्या जागी इन्सुलिन टोचलंय ती जागा चोळली की तिथलं रक्ताभिसरण वाढतं आणि औषध जोरात रक्तात उतरतं. उष्णतेनंही तेच होतं. जेवणाआधी घ्यायचं इन्सुलिन तसंही तासा-दोन तासांत सर्वात जोरात चालतं. म्हणजे मी अगदी ऐन भरात असलेल्या इन्सुलिनला चोळून आणि शेकून ढकललं होतं. आणि घाम, सैलपणा, गुंगी ही हायपोचीही लक्षणं आणि चांगल्या मालिशीचीही. बाहेरच्याला फरक कळणं शक्यच नाही.

त्या दिवसानं आणखी एक केलं. मला झोपेची भीती बसली. रात्री निजताना १५० असली तरी मी दोन बिस्किटं खाऊन निजायचो, न जाणो खाली गेली तर. सकाळी २२०. दीड वर्ष हे चाललं होतं आणि मी ते डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

आता वस्तादांकडे येतो.

खोलीला नाव नाही, दारावर पाटी नाही. रंकाळ्याच्या बाजूनं पेठेत शिरलं की एक पिठाची गिरणी लागते, तिच्या माडीवर. जिना अरुंद आहे, दोरी धरून चढायचं. वर एक खोली, मधोमध सागवानी बाकडं, त्यावर जाड सतरंजी आणि धुतलेली चादर. कोपऱ्यात मारुती, शेजारी शाहू महाराजांचा फोटो. तिळाचं तेल वाटीत घालून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली. सात वाजेपर्यंत खालून गिरणीची घरघर येते आणि तेलाच्या वासात ज्वारीच्या पिठाचा वास मिसळतो. मला तो आता आवडायला लागलाय.

वस्ताद सत्तरीच्या पुढचे आहेत. तरुणपणी तालमीत घाम गाळला, पुढं गुडघा गेला, मग पैलवानांची मालिश करायला लागले. खासबागेत कुस्ती असली की आदल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गडी त्यांच्याकडे. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या त्या मैदानात त्यांनी किती पैलवान उभे केले आणि किती झोपवून शांत केले, त्याची गणती नाही. शाळा सातवीपर्यंत. शरीरशास्त्राचं पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही, पण स्नायू कुठून सुरू होतो आणि कुठं जाऊन बसतो, हे बोटांना पाठ आहे.

पहिल्या दिवशी मी घाबरतच सगळं सांगितलं. साखर आहे, पण वयाची नव्हे, लहानपणापासूनची. सुई घेतो. दंडाला हे गोल बटन आहे ते सेन्सर, त्याला तेल लागलं की चिकटपणा सुटतो, आणि ते चौदा दिवसांचं असतं, महाग असतं. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन् सुई कुटं टोचतोस?”

मी पोट दाखवलं, मांड्या दाखवल्या. त्यांनी हात पुसला आणि पोटावर चार बोटं ठेवून हळूहळू सरकवली. बेंबीच्या डाव्या बाजूला थांबले. “हितं रोज टोचतोस व्हय? दोन लिंबाएवढं झालंय बघ.”

मी हात लावून बघितला. खरंच, रबरासारखा एक उंचवटा होता. रोज शर्ट घालताना, आंघोळ करताना तो माझ्या हाताखाली असणार, पण मला कधी जाणवला नव्हता. एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं टोचलं की कातडीखालची चरबी अशी वाढते. तिथं दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथंच टोचतो, आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी उतरतं कधी उतरत नाही. मी वस्तादांना विचारलं, चोळून जाईल का? ते म्हणाले, “न्हाई. त्येला हात लावायचा न्हाई. डॉक्टरला दाखव.”

एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो. पाचशे रुपये घेऊन आणखी चार खेपा वाढवायची संधी होती. त्यांनी हात काढून घेतला.

डॉक्टरांनी गाठ बघितली आणि तिथं सुई बंद करायला सांगितली. नव्या जागी टोचताना आधी डोस थोडा कमी करून बघायला सांगितलं, कारण चांगल्या कातडीतून औषध पूर्ण उतरतं आणि जुन्या डोसानं साखर धपकन खाली येऊ शकते. मला तेच झालं. पहिल्या आठवड्यात दोन युनिट कमी करावे लागले. डोस कमी झाला तो गाठ सोडल्यामुळे, मालिशीमुळे नव्हे. वर ‘एका युनिटनंही कमी झालं नाही’ म्हणालो ते याच अर्थानं. ही दोन कारणं मी मुद्दाम वेगळी ठेवतोय. ती एकत्र केली की जाहिरात तयार होते.

मालिश म्हणाल तर पाऊण तास. आधी पालथं. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी कमरेपासून मानेपर्यंत अंगठे सरकवत आणतात, घाई नाही. मग खांद्याची पाळ, तिथं कोपर लावतात. पहिल्यांदा मी ओरडलो. पैलवानांचं अंग चोळून चोळून हात तयार झालेला, फौंड्रीतल्या कारकुनाला तो जड जाणारच. मी सांगितल्यावर त्यांनी जोर निम्म्यावर आणला आणि नंतर दर वेळी विचारलं, “बास काय?” मान ते शेवटी धरतात, तोवर बाकीचं अंग सैल झालेलं असतं. कवटीच्या खाली मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं रोवून नुसते थांबतात, चोळत नाहीत. मिनिटभरानं आपोआप लांब श्वास येतो. त्या श्वासासाठी मी आठवडाभर वाट बघतो.

आता वही. आठ गुरुवारांपैकी चार वेळा साखर वीस ते चाळीसनं उतरली, म्हणजे १८६ ची १४८, १७२ ची १४९ वगैरे. दोन वेळा जशीच्या तशी. एकदा १६४ ची १७१. आणि एकदा ती १३२ वरून ६६ वर आली.

तो तिसरा गुरुवार. कारखान्यातून उशिरा निघालो. पाच वाजता भडंग खाल्लं, त्यासाठी चार युनिट उजव्या मांडीत घेतलं, आणि सहाला बाकड्यावर. वस्तादांनी विचारलं होतं, मीच गडबडीत ‘पोटाला’ म्हणून गेलो. सवयीनं. त्यांनी मांड्या रगडल्या आणि पेटीतलाच प्रकार पुन्हा झाला, फक्त वाफ नव्हती. या वेळी फोन बाकड्याच्या कडेला होता, तो वाजला. मी उठून बसलो, खिशातली पावडर तीन चमचे पाण्यात कालवून प्यायलो. पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. वस्ताद कपाटातून पेढा काढत होते. मी त्यांना समजावलं की पेढ्यात तूप-दूध असतं, त्यानं साखर चढायला उशीर लागतो, अशा वेळी नुसती साखर किंवा ग्लुकोजच हवं. पुढच्या गुरुवारी त्यांच्या कपाटात ग्लुकोजचा डबा होता. मी आणलेला नव्हता.

सहाव्या गुरुवारी उलटं झालं. डाव्या कुशीवर वळवून ते बरगडीच्या बाजूनं चोळत होते आणि फोन किंचाळला, ५८. मला काहीच होत नव्हतं. बोटातून बघितली तर ११७. सेन्सर डाव्या दंडाला, आणि मी सगळ्या अंगाचा भार त्याच दंडावर टाकून पडलो होतो. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पेशींभोवतालच्या पाण्यातली मोजतो. तिथं दाब पडला की ते पाणी हटतं आणि तो खोटाच आकडा खाली दाखवतो. रात्री कुशीवर झोपणाऱ्यांना हे नेहमी होतं. म्हणून ग्लुकोमीटर जवळ पाहिजेच. फोनच्या भरवशावर मी त्या दिवशी ग्लुकोज घेतलं असतं, तर रात्री २५० ला जाऊन बसलो असतो.

मग या वहीतून निघतं काय? पाऊण तास निवांत पडलेल्या माणसाची साखर मालिशीशिवायही तीसेक उतरू शकते. दुपारचं इन्सुलिन अजून थोडं चालू असतं, कारखान्यातला आवाज मागं पडलेला असतो. आठ आकड्यांवरून मी सिद्ध काही करू शकत नाही. १९९७ साली अमेरिकेत, मायामी विद्यापीठाच्या टच रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेह असलेल्या मुलांवर एक अभ्यास छापला होता. आईवडिलांनी महिनाभर रोज झोपायच्या आधी वीस मिनिटं मुलाला मालिश करायची. महिन्याअखेर त्या मुलांची साखर सरासरी १५८ वरून ११८ वर आली. मुलांची बेचैनी कमी झाली आणि आईवडिलांचीही काळजी कमी झाली. आकडा मोठा आहे, पण अभ्यास लहान होता, आणि रोज मालिश होते त्या घरात सुई आणि जेवणही जास्त नेमानं होत असणार, असं माझ्या मनात येतं. मालिशीची जाहिरात करणारे पहिला आकडा सांगतात. मला दुसरं वाक्य जास्त खरं वाटतं, काळजी कमी झाल्याचं.

कारण माझ्या बाबतीत बदललं ते तेच. गुरुवारी रात्री मला झोप लागायची. पहिल्या महिन्यात फक्त गुरुवारी, नंतर शुक्रवारीही. अलार्म लावलेलाच असायचा, पण दोन-दोन तासांनी दचकून उठून फोन बघणं थांबलं. पाचव्या आठवड्यात एका रात्री १४६ होती, फोनवरचा बाण सरळ होता, म्हणजे साखर स्थिर होती, आणि मी बिस्किटं न खाता निजलो. सकाळी १३१. स्वयंपाकघरात उभा राहून तो आकडा मी बराच वेळ बघत होतो. बायकोला दाखवला. ती काही बोलली नाही, बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.

दोन महिन्यांनी फॉर्म पुन्हा भरला, ३६.२५. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, आधी ८.१ होती, ती ७.८ झाली. यात गाठ सोडल्याचा वाटा आहे, बिस्किटं सुटल्याचा आहे, ऑडिट संपल्याचाही आहे. मालिशीला मी यातलं थेट काहीच देत नाही. पण बिस्किटं सुटली ती भीती कमी झाल्यामुळे, आणि भीती कमी झाली ती आठवड्यातला एक तास कुणीतरी माझं अंग न घाबरता, न लाजता, आणि खोटं आश्वासन न देता हातात घेतल्यामुळे, एवढं मी खात्रीनं म्हणतो. टाइप वनवाल्याच्या अंगाला हात लागतो तो बहुतेक वेळा टोचायला, रक्त काढायला, नाहीतर पाय तपासायला.

उणिवाही सांगतो. स्त्रियांसाठी इथं सोय नाही, वस्ताद फक्त पुरुषांची मालिश करतात. जिना म्हाताऱ्या माणसाला किंवा पायाची जाणीव गेलेल्याला धोक्याचा आहे, आणि तेल लावून उतरताना तर जास्तच, पाय नीट पुसून घ्या. आंघोळीची सोय नाही, जुने कपडे घालून जा. वेळेच्या बाबतीत ते काटेकोर नाहीत, एखादा पैलवान अडला असेल तर अर्धा तास बसावं लागतं, आणि ज्यांचं खाण्याचं नि सुईचं वेळापत्रक असतं त्यांना ते जड जातं. आधी फोन करून निघत जा.

आणि एकदा त्यांनीही मला कारल्याचा रस सुचवला. “दोन महिनं पी, सुई सुटंल,” म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकलंय आणि दर वेळी आतून तुटतो, कारण असलं ऐकून पोरांची सुई बंद करणारे आईबाप मी दवाखान्यात पाहिलेत. मी उठून बसलो आणि सांगितलं, “वस्ताद, मोठ्या वयाच्या साखरेत शरीर इन्सुलिन बनवत असतं, ते पुरत नाही किंवा लागू पडत नाही. माझ्यात ते बनतच नाही. सुई चुकली तर दोन दिवसांत मी दवाखान्यात, तिथंही उशीर झाला तर संपलो.” ते थोडा वेळ तेलाचा हात तसाच धरून उभे राहिले. मग म्हणाले, “म्हंजी हीर आटलीय. मग पोहरा सोडून काय उपेग.” त्यानंतर त्यांनी कारल्याचं नाव काढलेलं नाही. उलट माझ्यासमोर दुसऱ्या एकाला दटावलं, “त्येची साखर येगळी हाय, गप बस.”

टाइप वनवाल्या कुणाला जायचं असेल, तर माझी पद्धत सांगतो. आधीच्या दोन-तीन तासांत जेवणाचं इन्सुलिन घेतलेलं नसेल अशी वेळ धरा. घ्यावंच लागलं तर पोटात घ्या आणि पोटाला हात लावू देऊ नका. इन्सुलिनचा पंप असेल तर त्याच्या नळीची जागा सोडायला सांगा. मी १२० च्या खाली असलो तर एक केळं खाऊन मगच बाकड्यावर पडतो, आणि २५० च्या वर असून लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन फार कमी पडल्याची खूण, दिसले तर जातच नाही, तेव्हा मालिश नव्हे, इन्सुलिन आणि पाणी लागतं. फोन हाताशी, ग्लुकोज हाताशी. घरी आल्यावर आणि निजताना पुन्हा बघा. पेटीतली वाफ मी कायमची सोडली.

शेवटची गोष्ट आमच्या मोल्डिंगमधल्या एकाची. त्याची मुलगी नऊ वर्षांची, दीड वर्षापूर्वी टाइप वन निघालं. मी त्याला मायामीच्या त्या आईबापांबद्दल सांगितलं आणि एका गुरुवारी माझ्याबरोबर घेऊन गेलो. वस्तादांनी त्याला बाकड्यावर बसवून त्याच्याच पायावर दाखवलं, टाचेपासून बोटांकडे कसं जायचं, पोटरी वर चढताना हात हलका कसा ठेवायचा. दहा मिनिटं. पैसे घेतले नाहीत. मी एवढंच सांगितलं की सुई टोचलेल्या जागेपासून हात लांब, आणि झोपायच्या आधी साखर बघूनच.

परवा तो कँटीनमध्ये भेटला. म्हणाला, “दादा, साखर हाय तशीच हाय. पण ती आता निजताना आपणहून पाय पुढं करती.” मग डबा झाकून ठेवत म्हणाला, की चौथ्या की पाचव्या रात्री पाय चोळत असताना ती म्हणाली, शाळेत दुपारची सुई ती टोचतच नाही, पोरी बघतात म्हणून पेन दप्तरातच ठेवते. दुपारी तीनशे का होते, हे ते दोघं नवराबायको तीन महिने शोधत होते. दुसऱ्या दिवशी तो सुट्टी टाकून शाळेत गेला. आता मधल्या सुट्टीत बाई तिला आपल्या खोलीत बोलावतात, दार लोटून घेतात, आणि ती तिथं सुई घेऊन मग डबा खायला जाते.